माळ्यावरचे गठ्ठे आणि काकांचं प्रकाशन – कोणी सांगेल का काय करू?

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय असा आहे की आमचे मोठे काका मागच्या वर्षी गेले. सदाशिव पेठेतला वाडा आता रीडेव्हलपमेंटला गेलाय आणि बिल्डरला पुढच्या महिनाअखेर जागा रिकामी करून पाहिजे. काका वीज मंडळात नोकरीला होते पण त्याच्या जोडीला त्यांचं स्वतःचं एक प्रकाशन होतं. प्रकाशन म्हणजे ऑफिसबिफिस काही नाही, काका, काकू, एक लेटरहेड, एक रबरी शिक्का आणि प्रुफं आणायला-पोचवायला सायकल. १९७४ ते १९९६ मध्ये मिळून १९ पुस्तकं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चुलतभावाचं म्हणणं आहे की आधी काय ते ठरू दे मग बोभाटा कर.

आम्हा पोरांना प्रकाशन म्हणजे एवढंच माहीत होतं की काकांकडे राहायला गेलं की पलंगाखाली चपला सारायला जागा नसते आणि जोराचा पाऊस आला की काकू हातातलं टाकून माळ्यावर पळतात, पातेलं घेऊन.

तर आता माळा उतरवतोय. सत्तरएक गठ्ठे निघालेत. त्यातले वीस-बावीस व्यवस्थित पुस्तकांचे. बाकीचे म्हणजे नुसते छापलेले कागद, घड्या घातलेले, सुतळीने आवळून बांधलेले, ना कव्हर ना शिवण. मला वाटलं बिघडलेला माल असेल पण उघडून बघितलं तर छपाई चांगली स्वच्छ आहे. एका गठ्ठ्यात एकच घडी, दीडदोनशे वेळा. पुढच्या गठ्ठ्यात पुढची पानं. काकूंना विचारलं तर म्हणतात ते तुझ्या काकांचं राहिलेलं काम आहे. रद्दीवाला येऊन बघून गेला, किलोवर एका टेम्पोत सगळं न्यायला तयार आहे. काकूंनी त्याला "आज अमावस्या आहे, आज नको" म्हणून परत पाठवला. अमावस्या नव्हती, मी कालनिर्णय बघितलं.

तर ते सुटे कागद कशाचे आणि ठेवण्यात काही अर्थ आहे का? बांधलेली पुस्तकं आज कोणी घेईल का? आणि तिसरी गोष्ट म्हणजे काकांनी नेमकं काय केलं हेच मला समजत नाहीये. यादी बघितली तर पहिला एक कवितासंग्रह, मग बहात्तरच्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लोकांबद्दल एका प्राथमिक शिक्षकाने लिहिलेलं पुस्तक, मग कन्नडमधून आणलेल्या दोन एकांकिका, मग एकदम चामड्याच्या कामाची हत्यारं, चित्रांसकट ९६ पानं, मग परत कविता. याला काही सूत्र होतं का जो भेटेल त्याचं छापत गेले? अशी एकट्यादुकट्याची प्रकाशनं आणखी कुठली होती, ती काय करायची, कोणाला माहिती असेल तर सांगा.

---

शिसं

रद्दीवाल्याला अजिबात देऊ नका!! आधी हे वाचा.

मी १९७९ ते ९४ शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात होतो, पहिली सहा वर्षं खिळे (शिशाचे टाइप) जुळवायला आणि मग बाइंडिंगला. तुमच्याकडे जे सुटे कागद आहेत ते बिघडलेले नाहीत आणि उरलेले पण नाहीत, ते फॉर्म आहेत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं छापायची, घड्या घातल्या की झाला एक फॉर्म. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं. तुमचं हत्यारांचं पुस्तक ९६ पानांचंच का, तर हे असं. लेखकाने शंभर पानांचा मजकूर दिला असता तरी काकांनी चार पानं काढायलाच लावली असती, त्या चार पानांसाठी वेगळा कागद कोण लावणार.

आता न बांधता का ठेवले ते सांगतो. खिळ्यांच्या छपाईत पुस्तकाच्या सगळ्याच्या सगळ्या प्रती एका वेळी छापून घ्याव्या लागायच्या कारण छापखाना तुमच्या पुस्तकासाठी खिळे अडकवून ठेवत नाही. दोन-तीन फॉर्म जुळवले, छापले, की खिळे सोडवून परत केसमध्ये, त्याच खिळ्यांत पुढचे फॉर्म नाहीतर दुसऱ्याची लग्नपत्रिका. म्हणजे हजार प्रती छापायच्या तर हजार आत्ताच, नंतर परत पाहिजेत म्हटलं की जुळणीचा सगळा खर्च पहिल्यापासून. पण बांधणी हप्त्याहप्त्याने करता येते ना! मग छोटा प्रकाशक काय करायचा, हजार छापायच्या, तीनशे बांधून घ्यायच्या, त्या विकल्या की आलेल्या पैशातून पुढच्या दोनशे. राहिलेले फॉर्म घरी. आमच्याकडे असे कित्येकांचे गठ्ठे पडून असायचे, मालक ओरडायचे की न्या म्हणून, मग ते टांग्यातून नाहीतर हातगाडीवरून घरी जायचे आणि घरच्या बाईच्या डोक्यावर बसायचे. तुमच्या काकू म्हणतात ते शब्दशः खरं आहे हो, राहिलेलं कामच आहे ते.

आता एक करा. प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी, म्हणजे पान १७, ३३, ४९, ६५ असं, डाव्या कोपऱ्यात अगदी बारीक आकडा दिसेल, २, ३, ४, ५. कधी त्याच्याआधी पुस्तकाच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. ती खूण बाइंडरसाठी. त्याप्रमाणे पुस्तकवार ढीग लावा आणि मोजा. सगळ्यात कमी जो फॉर्म भरेल तेवढीच पुस्तकं होतील. कव्हरं वेगळी छापलेली असतात, सपाट, कुठेतरी गादीखाली नाहीतर कपाटामागे उभी सापडतील.

आणि माळ्यावरच का? पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ज्याने बघितला तो माणूस कागद तळमजल्यावर ठेवत नाही. आमच्या मालकांनी शेवटपर्यंत एक रीम खाली ठेवू दिलं नाही, आम्ही जिन्यावरून वरखाली करून मेलो. वरून कौलं गळतात ते वेगळं.

---

बुकमार्क हरवला

शिसंकाकांनी पहिल्या प्रश्नाचं काम केलंय, मी तिसऱ्याला हात घालते कारण माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

सूत्र शोधायला जरूर जा पण ते विषयात सापडेलच असं नाही. उदाहरण पुण्यातलंच घ्या ना, देशमुख आणि कंपनी. खांडेकरांची ययाति १९५९ला त्यांनी काढली आणि चारच वर्षांनी, १९६३ला, नेमाडेंची कोसलाही त्यांनीच. आता या दोन पुस्तकांना एका कपाटात ठेवलं तर रात्रीतून भांडणं होतील, पण छापणारे हात एकच. त्यामुळे नुसती यादी वाचून "याला काही दिशाच नाही" म्हणायची घाई करू नका.

काहींचं सूत्र अगदी उघड असतं. मुंबईत अशोक शहाणे. १९६३ला असो नावाचं लघुनियतकालिक काढलं आणि पुढे प्रास प्रकाशन. प्रासचं नाव घेतलं की अरुण कोलटकर, १९७७ला पहिला मराठी संग्रह आणि मग थेट २००३-०४ मध्ये भिजकी वही, चिरीमिरी, द्रोण वगैरे एकापाठोपाठ. मधल्या पंचवीसएक वर्षांत कवीला घाई नाही आणि प्रकाशकालाही नाही! कुठल्या मोठ्या घराला परवडलं असतं हे? त्या सत्याहत्तरच्या पुस्तकाचं नावच बघा, "अरुण कोलटकरच्या कविता". कोलटकरांच्या नाही, कोलटकरच्या. अहोजाहो नाही, मित्राचं पुस्तक मित्राने काढावं तसं. (कोलटकर गेले ते पुण्यात, सप्टेंबर २००४. भिजकी वहीला साहित्य अकादमी मिळालं ते त्यानंतर.)

ग्रंथालीचं वेगळं. १९७४, म्हणजे तुमच्या काकांनी सुरुवात केली तेच वर्ष. त्यांनी पुस्तकाच्या आधी वाचक गोळा केला, आगाऊ पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुस्तकं सवलतीत घ्यायची, म्हणजे छपाईचं भांडवल वाचकाच्याच खिशातून. दया पवारांचं बलुतं १९७८ला तिथूनच आलं, लक्ष्मण मानेंचं उपरा १९८०ला. आज ही पुस्तकं सगळ्यांना माहिती आहेत म्हणून काही वाटत नाही पण तेव्हा ती छापायचं ठरवायला कोणीतरी लागतंच ना.

आणि पुण्यातच सुगावा. विलास वाघ आणि उषाताई वाघ, सदाशिव पेठेतच. फुले-आंबेडकरी विचारांची पुस्तकं, परवडणाऱ्या किमतीत. लक्ष्मी रोडच्या दुकानदाराला या पुस्तकांचं गिऱ्हाईक दिसतच नव्हतं. ते गिऱ्हाईक होतं ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर, सतरंजीवर मांडलेल्या पुस्तकांपुढे उकिडवं बसलेलं. वाघ सर २०२१ला गेले. मी कॉलेजात असताना तिथून एक पुस्तिका घेतली होती, सुट्टे नव्हते तर म्हणाले राहू दे नंतर दे.

तर काकांच्या यादीपुढे प्रत्येक पुस्तकाचं साल लिहा, छापखान्याचं नाव लिहा, अर्पणपत्रिका वाचा, आणि मुख्य म्हणजे पत्रव्यवहाराची फाइल असेल तर ती शोधा. पुस्तकं कुठेतरी एखाद्या लायब्ररीत सापडतील. ती फाइल तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

---

साभार परत

छान चाललंय. आता जरा कडू बोलतो.

छोटा प्रकाशक म्हणजे संत असं एक गोड चित्र आपण रंगवतो. माझा अनुभव सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी माझा कथासंग्रह एका अशाच "ध्येयवादी" छोट्या प्रकाशकाने काढला. नाव नको. आधी म्हणाले कागदापुरते पैसे द्या, मग म्हणाले शंभर प्रती तुम्हीच विकत घ्या, मग दहा वर्षं रॉयल्टीचं विचारलं की चहा पाजायचे. चहा चांगला असायचा. किती प्रती छापल्या हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही, आवृत्ती हजाराची लिहिली होती पण बाइंडर म्हणाला पाचशे. पुढे ते वारले आणि माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती मला जुन्या बाजारात दिसल्या, रविवारी, कुकरच्या शिट्ट्या आणि नळाच्या तोट्यांच्या शेजारी. दहा रुपयाला एक. मी चार घेतल्या. विक्रेता म्हणाला पाच घ्या चाळीसला देतो.

तेव्हा काकांचा इतिहास लिहाल तेव्हा लेखकांना काय दिलं तेही लिहा. हिशेबाची वही असेल तर ती आधी उघडा.

---

शिसं

@साभार परत, तुमचं दुःख समजतं पण पाचशे आणि हजार यात बाइंडरचं ऐकून निष्कर्ष काढू नका. बाइंडरकडे पाचशे आल्या असतील, बाकीचे फॉर्म कुणाच्या तरी माळ्यावर असतील!

---

साभार परत

शक्य आहे. म्हणजे माझी निम्मी पुस्तकं अजून जन्मालाच आलेली नाहीत.

---

टाचणी

मी आणि माझी मैत्रीण गेली सहा वर्षं कोथरूडमधून एक छोटं प्रकाशन चालवतो, वर्षाला तीन-चार पुस्तकं, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, कोणी घेईल का.

सरळ सांगायचं तर दुकानातून नाही. अप्पा बळवंत चौकात ही पुस्तकं घेऊन गेलात तर पहिलं बारकोड विचारतील, तो नाही, मग छापील किंमत बघतील, ती असेल आठ रुपये. आठ रुपयाच्या पुस्तकावर चाळीस-पन्नास टक्के कमिशन म्हणजे दुकानदाराला चार रुपये, ते ठेवायला लागणाऱ्या फळीचं भाडं पण निघत नाही. आमच्या नव्या पुस्तकांचं गणितही फार वेगळं नाही, अडीचशेच्या पुस्तकातले निम्मे वितरणात जातात, उरलेल्यात कागद, छपाई, चित्रकार, मुद्रितशोधन, दहा टक्के लेखक, आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो. वर पुस्तकाला जीएसटी नाही म्हणून सगळे म्हणतात तुमची मजा आहे. अहो पुस्तकाला नाही पण कागदाला आहे, छपाईला आहे, आणि विक्रीवर कर नाही म्हणून तो भरलेला परत वळता करून मिळत नाही, म्हणजे तो आमच्याच डोक्यावर.

एक फरक मात्र मोठा पडलाय. शिसंकाका म्हणतात तसं हजार छापून माळ्यावर ठेवायची आता गरज नाही, डिजिटलवर दोनशे छापायच्या, संपल्या की परत शंभर, फाइल कॉम्प्युटरमध्ये बसून असते. आमच्याकडे माळाच नाही, वन बीएचके आहे.

थेट वाचकाला पोस्टाने पाठवणं हाच आमचा खरा धंदा आणि तिथे डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने बुकपोस्ट एका फटक्यात बंद केली तेव्हा आम्ही रडायचे बाकी होतो. कुरिअरने पुस्तक पाठवायचं तर पुस्तकाच्या किमतीच्या पाव हिस्सा पाठवण्यातच. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालीये, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. तुमची पातळ पुस्तकं ३०० ग्रॅममध्ये आरामात बसतील, त्यामुळे ते जमण्यासारखं आहे. सावकाश जातं पण ट्रॅक होतं. काउंटरवर कधी कधी त्यांनाच माहीत नसतं, न भांडता परत एकदा नाव सांगायचं.

डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव असतो, २०२३ पासून सुरू झालाय, तिथे आमचा टेबलाचा एक तुकडा असतो. काकांची बांधलेली पुस्तकं तिथे ठेवू शकते, "खिळ्यांच्या छपाईची शेवटची पुस्तकं" अशी पाटी लावून. तरुण पोरं हात फिरवून बघतात, कागदावर उमटलेला दाब लागतो बोटांना. वाचतील का ते माहीत नाही. घेतात मात्र.

आणि चांभारकामाच्या हत्यारांचं पुस्तक मला बघायचंच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

कपाट नंबर सात

निवृत्त ग्रंथपाल. थोडक्यात लिहितो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

१. असलेल्या प्रती विकायला हरकत नाही, त्या तुमच्या काकांच्या मालकीच्या. परंतु नवी आवृत्ती काढायची किंवा स्कॅन करून नेटवर टाकायचं तर लेखकांची परवानगी पाहिजे, लेखक नसतील तर वारसांची. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. "काकांनी छापलं म्हणजे हक्क काकांचे" असं नाही. हक्क दिल्याचं लेखी लागतं, आणि त्या काळी निम्मे करार चहाच्या टपरीवर व्हायचे.

२. फाइलमध्ये रजिस्टर पोस्टाच्या पावत्या बघा, कलकत्ता आणि मुंबईच्या. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यात मुंबईचं टाउन हॉलचं ग्रंथालय. मोठमोठे प्रकाशक टाळाटाळ करायचे. छोटे हौशी लोक मात्र इमानदारीत पाठवायचे, त्यांना कायद्याची भीती असायची आणि पोच आली की आनंद व्हायचा.

३. त्या काळी जी काही विक्री व्हायची ती बहुतांशी ग्रंथालयांना. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळायला लागलं, अ ब क ड वर्गाप्रमाणे, आणि मार्च आला की पुस्तकं घ्यायची झुंबड. शासनमान्य यादीत नाव लागलं तर प्रकाशक तरला. नाही लागलं तर माळा. तुमच्या काकांची किती लागली ते वहीत सापडेल. बाकी पुणे नगर वाचन मंदिरात आणि साहित्य परिषदेत एकेक संच आधी देऊन टाका, मग बाकीचं काय करायचं ते करा.

---

ओसरीवरचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवार-रविवार सगळा त्यातच गेला, सांगतो काय काय झालं.

कव्हरं सापडली!! गादीखाली नाही, देवघराच्या फडताळाच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून. शिसंकाका तुम्ही थोर आहात.

हिशेबाची वही पण सापडली, काकूंच्या ट्रंकेत. @साभार परत, तुमच्या सांगण्यावरून तीच आधी उघडली. तर काका प्रत्येक पुस्तकासाठी ऑफिसच्या पतसंस्थेतून कर्ज काढायचे. डाव्या पानावर कर्ज आणि पगारातून कापलेले हप्ते, उजव्या पानावर विक्री. हप्ते फिटले की पुढच्याच महिन्यात नवीन कर्ज, नवीन पुस्तक. मी साल लावून बघितलं, दोन पुस्तकांमधलं अंतर बरोबर कर्ज फिटायला लागलेल्या महिन्यांएवढं आहे. फक्त १९८२ला दोन पुस्तकं लागोपाठ आहेत, तिथे बाजूला लिहिलंय "फरकाची रक्कम". १९९६ला काका रिटायर झाले, पतसंस्थेचं सभासदत्व संपलं, प्रकाशनही संपलं. मी इतकी वर्षं समजत होतो की काकांना कंटाळा आला. चुलतभावाला फोटो पाठवला वहीचा, तो म्हणाला म्हणून आपल्याला स्कूटर नव्हती तर.

रॉयल्टी: १९ पैकी १२ लेखकांना पैसे दिल्याच्या सह्या आहेत, रकमा बघून हसू येतं, ४५ रुपये, ११० रुपये. चौघांपुढे "प्रतींच्या रूपाने" असं लिहिलंय. तिघांपुढे काहीच नाही. आहे तसं सांगतोय.

शासनमान्य यादीत दोन पुस्तकं लागलेली दिसतात. त्या दोन्हींचे फॉर्म अजिबात शिल्लक नाहीत.

आणि सूत्र. @बुकमार्क हरवला ताई, पत्रव्यवहाराची फाइल मिळाली. त्यात प्रत्येक पुस्तकाचं एक पाकीट आणि अकरा पाकिटांत सगळ्यात वर दुसऱ्या कुठल्यातरी प्रकाशकाचं नकाराचं पत्र टाचलेलं आहे, लेखकाला आलेलं. म्हणजे काका ते मागून घ्यायचे बहुतेक. काकूंना विचारलं तर म्हणाल्या हो, दुसरीकडून परत आलेलंच घ्यायचे, म्हणायचे चांगलं असेल तर त्यांनी घेतलंच असतं ना, मग मी कशाला. हे वाक्य मी तीन वेळा विचारून घेतलं पण काकू तेवढंच सांगतात आणि हसतात. उरलेल्या आठांचं काय ते कळलं नाही. दोन तर ऑफिसातल्या साहेबांच्या कविता आहेत, त्याचं सूत्र मला समजलं.

फॉर्म मोजले. सात पुस्तकांचे पूर्ण संच लागतात, सगळ्यात जास्त हत्यारांच्या पुस्तकाचे, १८३ प्रती होतील. शिसंकाकांनी व्यनितून एका बाइंडरचा पत्ता दिलाय जो अजून हाताने शिवतो. टाचणीताई, तुमचं टेबल पक्कं समजू का?

अडलंय ते एकाच ठिकाणी. ते शिक्षकांचं दुष्काळावरचं पुस्तक, आठ फॉर्मचं, सात फॉर्म दोनशेच्या वर आहेत पण पाचवा फॉर्म एकही नाही. त्या गठ्ठ्यावर कौल गळत होतं, नुसता लगदा झालाय. आणि घरात त्याची बांधलेली एकही प्रत नाही. म्हणजे पान ६५ ते ८०. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या नातीचा फोन लागला, ती म्हणाली छापा की, पण पुस्तक तिच्याकडेही नाही. कोणाकडे असलं तर फक्त ती सोळा पानं मोबाइलवर स्कॅन करून पाठवा, आम्ही तेवढा फॉर्म नवा छापून मध्ये शिवून घेऊ. नाव व्यनि करतो, विचारा.

---

साभार परत

परत आलेलंच घ्यायचे? एकूण अकरा? अहो मग माझं का नाही घेतलं, माझं तर चार ठिकाणांहून परत आलं होतं.

(वहीतल्या त्या बारा सह्यांचा फोटो टाकता आला तर टाका. बघावंसं वाटतंय.)

---

कपाट नंबर सात

पावत्या सापडल्या का ते लिहिलं नाहीत. कलकत्त्याची पोच असेल तर तिथे प्रत असणार. वेळ लागेल पण मिळेल.

---

अनुस्वार

ओसरीवरचा, तुमचा व्यनि वाचून वडिलांच्या कपाटात शोधलं. आहे! वडील तेव्हा एका साप्ताहिकात परीक्षणं लिहायचे. आतल्या पानावर जांभळा शिक्का आहे, "अभिप्रायार्थ सप्रेम", खाली तुमच्या काकांची सही असावी, लांबलचक शेपटीची.

पण एक गंमत झालीये. पान ६५ पासून पुढच्या घड्या वरच्या बाजूने कापलेल्याच नाहीत, बाइंडरच्या कटिंगमधून सुटल्यात. म्हणजे ६६ आणि ६७, ७० आणि ७१ अशी पानं वरून जोडलेलीच आहेत, आत डोकावून अर्धी अर्धी ओळ वाचता येते फक्त. वडिलांनी परीक्षण लिहिलं होतं, कात्रण पण आत ठेवलंय, "दुष्काळाचे प्रत्ययकारी चित्रण" असं शीर्षक आहे.

पट्टी घेऊन बसलोय. कापू का आधी तसाच फोटो काढून ठेवू?